अक्षरांखालचा राखी रंग

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — तिच्यापाशी तर नाहीच, कारण गोष्ट तिच्या माहेरची आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. बसा जरा. आधी मला माझ्या वेडाबद्दल बोलू द्या, म्हणजे बाकीचं ओघानं येईल. नाही आलं तर ओढून आणीन.

रिसोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. हातोहाती मोबाइल आले आणि धंदा पासपोर्ट फोटोंपुरता उरला. हात रिकामे, आणि फोटो चिकटवायचा सनबोर्ड दुकानात पडून — मी जहाजं करायला लागलो. लढाऊ जहाजांच्या प्रतिकृती! हसा, हसा, सगळेच हसतात. पैनगंगेला पूर आला की आमचे लोक गाड्या काढून पाणी बघायला जातात, आणि हा गडी जहाजं करतो.

पण माझे सासरे खरोखरचे खलाशी होते. मामाजी — आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात — कामरगावातून उठून थेट नौदलात गेले, आणि एकाहत्तरच्या लढाईत एका जहाजावर होते. ते जहाज, त्या लढाईत जसं होतं तसंच्या तसं करायचं आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, त्यांच्या पुढ्यात ठेवायचं असं मी मनाशी पक्कं केलं. तयार संच कुठे मिळणार? सनबोर्ड कापला, तोफांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांच्या केल्या. तो भाग सोपा. खरी मजा पुढे आहे — रंग आणि खुणा!

तुम्हाला वाटेल, जहाज राखी रंगाचं असतं, लावा राखी आणि मोकळे व्हा. अहो, राखी किती प्रकारचा असतो कल्पना आहे? निळसर, हिरवट, पांढुरका, कोळशाकडे झुकलेला. आणि त्या काळचे फोटो सगळे काळे-पांढरे. मी फोटोवाला माणूस, मला ठाऊक आहे — काळा-पांढरा फोटो उजेड खरा सांगतो, रंगाबाबत मात्र सर्रास थापा मारतो. लाल लुगडं आणि हिरवं लुगडं त्यात एकसारखं दिसतं.

तरी मी शोधत राहिलो, आणि काय सांगू तुम्हाला त्या दिवसांचं! नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकाशी, जहाजाचा नंबर पांढऱ्यात लिहिलेला असतो. लढाईच्या तोंडावर शत्रूला ओळख पटू नये म्हणून तो रंगानं झाकून टाकत. माझ्या जहाजाचा झाकला होता की नाही? एक फोटो पडद्यावर मोठा करत करत गेलो, आणि राखी रंगाच्या आडून नंबरचा फिकट उंचवटा दिसला. झाकलेला होता! मी खुर्चीतून उडालोच. समोर पावडर लावून, मान ताठ करून बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं भाऊ? करंट लागला काय?" मी त्याला फुकटात जास्तीच्या कॉप्या दिल्या. जहाज पाण्यात जिथवर बुडतं त्या रेघेवरचा काळा पट्टा किती रुंद होता ते कसं काढलं? दुसऱ्या एका फोटोत फळीवर लोंबकळत रंग देणारा खलाशी होता, त्याच्या उंचीवरून! असं काही सापडलं की दिवसभर पाय जमिनीला लागत नसत. बायको म्हणायची, "येवढे तं लग्नातबी खुश नव्हते तुमी." खरंच नव्हतो.

राहिला तो राखी. इंटरनेटवरच्या मॉडेलवाल्यांच्या गटात विचारलं, तर एक म्हणे निळसर, दुसरा म्हणे हिरवट, आणि दोघांची आपसातच जुंपली. मामाजींना विचारलं. ते म्हणाले, "राखी होता. धुरावानी." कसल्या धुरासारखा? "धूर थो धूर, जवाईबुवा. पन्नास वर्सं झाली, मले काय याद राह्यते?" आणि मग, सहज, सुपारी कातरता कातरता म्हणाले की त्यांच्या पेटीला तोच रंग होता. लढाईच्या आधी जहाज रंगवलं तेव्हा डब्यात उरलेला त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीला फासला होता. सगळेच खलाशी तसं करत.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय झालं असतं तुमचं? त्या जहाजाचा, त्या लढाईतला, खुद्द त्याच डब्यातला रंग — माझ्या सासऱ्यांच्या खाटेखाली!

पेटी आता हिरवी होती. मागे कधी तरी मामाजींनी रंगाऱ्याकडून तिला खरवडून घेतलं आणि हिरवा ऑइलपेंट दिला. झाकणावरचा वीतभर चौकोन तेवढा सोडायला लावला. त्या चौकोनात जुना राखी होता — पण तेला-धुरानं तपकिरी पडलेला, ओळखूही न येणारा. आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शामराव'. मामाजींचं नाव. ते लिहिलं होतं थॉमसनं. केरळचा पोरगा, मामाजींचा जिवाचा दोस्त, जहाजाच्या रंगकामातला. त्याला आपली लिपी येत नव्हती. मामाजींनी कागदावर लिहून दिलेलं त्यानं चित्र काढावं तसं ब्रशनं उतरवलं. पुढे त्याची दुसऱ्या जहाजावर बदली झाली, आणि लढाईतून तो परत आला नाही. मामाजींकडे त्याचा फोटो नव्हता, काहीच नव्हतं. ही अक्षरं होती. सणावाराला मामाजी त्यांवरून ओलं फडकं फिरवत, तेही स्वतःच्या हातानं.

हे सगळं मला माहीत होतं — हे लक्षात ठेवा. नंतर कळलं अशातला भाग नाही.

जयंतीच्या आधी आमच्याकडे घरं रंगवतात. कामरगावचं घरही काढलं होतं, सामान सगळं अंगणात. मामाजी आणि माझा मेहुणा रंग आणायला कारंज्याला गेले होते. मेहुण्याची बायको — कविता वहिनी — मोरीपाशी राख आणि काथ्या घेऊन डबे-पिंपं घासत होती. पेटी तिनंच उचलून निंबाच्या सावलीत ठेवली होती आणि वर आपलं जुनं लुगडं झाकलं होतं. मला बघून म्हणाली, "बसा भाऊजी, च्या टाकतो." हात तसेच राखेचे घेऊन आत गेली. माझ्यासाठी चहा करायला.

माझ्या खिशात वॉटर पेपर होता, पाणी लावून रंग घासायचा खरखरीत कागद. म्हणजे मी ठरवूनच आलो होतो, नाही का? कोपऱ्यात नखाएवढं घासायचं, एवढंच — निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. घासलं. वरचा तपकिरी गेला, खाली राखी आला, पण तोही पिवळट, उन्हानं खाल्लेला. खरा रंग तिथे नव्हताच. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला — इतकी वर्षं ऊन नाही, धूर नाही, अशी जागा एकच. पांढऱ्या अक्षरांच्या खाली!

काय हुशारी! तेव्हा मला तसंच वाटलं, काय लपवू? 'व'वर पाणी टाकलं आणि घासलं. पांढरा रंग दुधासारखा विरघळत बाजूला झाला आणि खाली — निळसर राखी. ताजा, स्वच्छ, पावसाळी आभाळाचा. रंग बरोबर यावा म्हणून आम्ही फोटोवाले शेजारी एक ठरावीक करडं कार्ड ठेवतो. ते ठेवून फोटो काढला. काम झालं होतं. एका अक्षरानं भागलं होतं. मग पुढची का घासली? ओला रंग गडद दिसतो, म्हणून खात्री करायला 'रा' घासला. मग वाटलं, अर्धवट नाव बरं दिसत नाही, संशय येईल. मग 'म'. मग 'शा'. हात चुकून फिरला नाही माझा. मला प्रत्येक अक्षर जाताना दिसत होतं, आणि मी आनंदात होतो.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा झाकण पुसून मी लुगडं पुन्हा पांघरलं होतं. चहा छान झाला होता, तसं मी तिला म्हणालोसुद्धा.

मामाजींनी परत आल्यावर पेटी घरात घेण्यासाठी लुगडं काढलं. त्या चौकोनावरून बोट फिरवत राहिले, आंधळा माणूस फिरवतो तसं. मग म्हणाले, "हे कोनं घासलं?" सगळ्यांची नजर वहिनीच्या हातांकडे गेली. कोपरापर्यंत राख, मुठीत काथ्या. ती म्हणाली, "मी नाई मामाजी. मी तं कोनाले हात लावू नाई दिला पेटीले." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. रंगातलं घरात मलाच कळतं, म्हणून.

आता सांगतोच. मी म्हणालो, "जुना रंग हाये मामाजी. राखेचं पानी लागलं न् काथ्या फिरला तं निंगते."

एवढंच. तिचं नाव घेतलं नाही मी — बघा, किती सांभाळून! मेहुणा तिच्यावर तुटून पडला. ती रडत शपथा घालत होती, आणि प्रत्येक शपथेगणिक आणखी खोटी दिसत होती. मामाजी तिला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशीच नव्हे — पुढे कधीच नीट बोलले नाहीत. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले. आपल्या वस्तूंना तिला हात लावू देईनात. पाणी हवं असलं तरी नातीला हाक मारायचे, आणि वहिनी तिथेच उभी असायची.

आणि जहाज? जहाज अप्रतिम झालं! जयंतीला विहारात टेबलावर ठेवलं, गाव लोटलं. मामाजी जवळ आले, वाकले, बराच वेळ पाहत राहिले. "हाच," म्हणाले. "हाच रंग." डोळ्यांतून पाणी. तुम्हाला काय वाटतं, माझं मन मला खात होतं? नाही. मी हरखून गेलो होतो. त्या क्षणाइतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही, आणि आजही तो रंग आठवला की छाती फुलते. मी शरमेनं मान खाली घालून जगलो असतो तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. मी मजेत जगलो. वहिनी मागे चुलीपाशी गावजेवणाच्या पोळ्या लाटत होती. जहाज बघायला ती पुढे आलीच नाही.

मामाजी मागच्या वर्षी गेले. जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, "पेटी जवाईबुवाले द्या. त्यायलेच कदर हाये." पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याच्या, दिवशी जेवणं आटोपली, पाहुणे गेले, आणि मी पेटी न्यायला खोलीत गेलो. एक कडी मी धरली, दुसरी वहिनीनं. उचलण्याआधी ती थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "मीच घासलं असन थे. कामाच्या घाईत मले याद राह्यली नसन. समदे म्हनतात तं खोटं कसं असन? आता मलेबी तसंच वाटते. मामाजीची माफी मांगाची राहून गेली माही."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मामाजी नव्हते. कोणी ऐकत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. होते कोनाच्याबी हातानं. मनाले लावून नका घेऊ."

तिनं पदरानं डोळे पुसले. "लय बरं वाटलं भाऊजी," म्हणाली, आणि पेटी उचलायला हात दिला. अशा रीतीनं मी तिला माफ केलं आणि रिसोडला परत आलो.