फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

माझ्या नवऱ्याला देशाच्या फुटबॉल संघाबरोबर काम करायचं बोलावणं आलं होतं, आणि ते मी आमच्या उंबऱ्यावर उभी राहून, चार बायकांच्या देखत, फाडून टाकलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची मला सवय नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडत होतो. नवरा मानोऱ्याच्या शाळेत पीटीचा मास्तर. लोक हसायचे, मानोऱ्यात कसला आलाय फुटबॉल म्हणून. हसू द्या. मैदानावर गवतापेक्षा गोटे जास्त होते, दोन बॉल होते आणि दोन्हींच्या ब्लॅडरला ठिगळं होती. तांड्यावरची पोरं अनवाणी अशी पळायची की बघत राहावं. पण दिवाळी सरली की त्यांचे आईबाप कामाला बाहेरगावी निघायचे आणि अर्धी टीम त्यांच्यामागे जायची. उरलेल्या सात जणांना घेऊन नवरा अकरा जणांचा खेळ शिकवायचा.

तो साधा पीटी मास्तर नव्हता. नागपूरला कॉलेजात असताना खेळलेला, मग पंजाबात जाऊन वर्षभराचा कोचचा कोर्स केलेला. तिथं त्याच्या खोलीत दक्षिणेकडचा एक जण होता. दोघांची जिवाभावाची दोस्ती. माझी सासू पार्सलनं जवसाची चटणी धाडायची, ती दोघं मिळून संपवायचे. कोर्स झाल्यावर दोस्त एका गिरणीच्या संघाचा कोच झाला, मग त्याच्या राज्याचा, आणि शेवटी देशाचा. मधे एकदा त्यानं माझ्या नवऱ्याला मदतीला बोलावलं होतं. पण तेव्हाच सासूचा पाय मोडला आणि हा एकुलता एक. गेला नाही. त्यावर तो कधी बोलला नाही, पण दोस्ताचं पत्र शाळेत आलं की त्या दिवशी जेवताना लक्ष नसायचं.

आता कार्डाचं. दिवाळीची सुट्टी होती. नवरा पोरांना घेऊन अकोल्याला सामन्यांना गेला होता. शाळा बंद, म्हणून पोस्टमननं कार्ड घरी आणलं. आणलं, पण हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. मी बघितलं तर कार्डाचा एक कोपरा फाटलेला.

आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असायचा. कोणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचं. ते घरात आणायचं नाही. उंबऱ्याबाहेरच वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंघोळ करायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वीसेक वर्षं होत आली होती. सासूनं देव सोडले, उपास सोडले, अंगात येणाऱ्या बाईला दारातून हाकललं. पण फाटक्या कोपऱ्याची भीती तिच्यातून गेली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्यातूनही नाही. ते कार्ड टपालाच्या गठ्ठ्यात सुतळीनं कापलं गेलं असेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

अंगणात शेंगा फोडायला बसलेल्या बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

"वाच न व," सासू म्हणाली, "कोन गेलं?"

कार्ड इंग्रजीत होतं. सातवी पास मी. गल्लीतली सगळी पत्रं मीच वाचायची, मुंबईला गेलेल्या पोरांची, माहेरी रुसून बसलेल्या सुनांची. त्या कामाचा मला भारी तोरा होता. आणि इंग्रजी म्हणाल तर छापील एबीसीडीच्या पुढे माझी गाडी कधी गेली नव्हती. हे जोडून लिहिलेलं अक्षर मला कुठून कळणार? चार बायका तोंडाकडे बघतायत. 'मला वाचता येत नाही' हे चार शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

"नाव नाही लागून राह्यलं," मी म्हणाले, "पन गेल्याचंच हाये."

असं मी म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही.

"माहा भाऊच गेला व!" सासूनं कपाळ बडवलं. जऊळक्याचा तिचा भाऊ पोळ्यापासून खोकत होता. "फाड ते! घरात नोको आनू!"

मी कार्डाचे तुकडे केले, नालीत टाकले आणि अंगावर दोन बादल्या पाणी ओतून घेतलं.

तिसऱ्या दिवशी नवरा परतला तेव्हा सासू बाजेवर पडलेली, पोटात अन्न नाही. त्यानंही विचारलं नाही की कार्ड कसं होतं, कोणाच्या अक्षरात होतं. कोपरा फाटलेला होता म्हटल्यावर विचारायचं काय? तसाच मायला घेऊन निघाला. एसटीनं वाशीम, तिथून रेल्वेनं जऊळका. मीही बरोबर होते.

स्टेशनात उतरल्या उतरल्या सासूनं गळा काढला. भावाचं नाव घेऊन, त्याचे गुण गात, रस्त्यानं रडत चालली. मयताच्या गावात शिरताना असंच जातात. तो रडण्याचा आवाज ऐकून हॉटेलच्या बाकावरून एक म्हातारा उठला. हातात भज्याचा कागद. तो तिचा भाऊ.

"काहून रडून राह्यली?" त्यानं घाबरून विचारलं. "कोन गेलं?"

माझ्या पोटात हसू उसळलं आणि तिथंच गोठलं. मामा इथं उभा आहे, मग कार्ड कोणाचं?

त्यानंतर नवऱ्यानं नात्यातल्या घराघरांत कार्डं टाकली. एकेक उत्तर यायचं, इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवा. जगात अशा निरोपांनी कोणाचा जीव सुखावत असेल तर असो, आमच्या घरात प्रत्येक खुशालीनं सासू जास्तच खचायची. "कोनीतरी लपवून राह्यलं," म्हणायची. ती सगळी उत्तरं मीच वाचून दाखवत होते, ठणठणीत आवाजात. रोज मनात येई, आज सांगावं. रोज पुढचं कार्ड वाचायला घेई.

सुट्टी संपली, शाळा उघडली आणि दोस्ताचं दुसरं पत्र आलं, लिफाफ्यात. नवरा ते घरी घेऊन आला. सासू शेतात होती. त्यानं मला समोर बसवलं आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागला. 'मी तुला कार्ड टाकलं होतं. पात्रतेच्या सामन्याआधी कॅम्प आहे, माझा सहायक म्हणून ये, दहा दिवसांत तार कर, असं लिहिलं होतं. तुझी तार आली नाही. मागच्या खेपेलाही घरामुळे तुझं जमलं नव्हतं, म्हणून मी समजून घेतलं. आता दुसऱ्याचं नाव दिलं आहे. तुझ्यावर राग नाही.'

"पोस्टात गहाळ झालं असन," नवरा म्हणाला. डोळे भरून आले होते. "पाह्य न, एका कार्डापाई."

मी सांगितलं. उंबरा, बायका, इंग्रजी, सगळं.

तो म्हणाला, "तू त वाचलं म्हने."

"मले नाही येत इंग्रजी."

ओरडला असता तर मी उलटून ओरडले असते. भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण तो ओरडलाच नाही. उठला, सायकल काढली आणि तार करायला गेला. दोन दिवसांनी उत्तर आलं, नावं ठरली, आता काही होणार नाही. त्या दिवशी त्यानं मला एवढंच सांगितलं, "मायले बोलू नोको. तिच्या पायापाई एकडाव राह्यलो, आता हे कळलं त जीव देईन ते."

सामन्याच्या आदल्या दिवशी शाळेतलं वर्तमानपत्र तो घरी घेऊन आला. त्यात दोन्ही देशांच्या कोचांची माहिती होती, कोण कुठं खेळला, कोणाच्या हाताखाली शिकला, कोणते संघ घडवले. परदेशी कोच भलताच मोठा होता. आपल्या कोचाचं पंजाबातलं वर्ष दोन ओळींत होतं. खाली सहायकाचं नाव. तोही याच्याच कोर्सातला, याच्यापेक्षा कच्चा, असं नवरा पूर्वी हसत सांगायचा. आज त्यानं ते नाव वाचलं आणि पुढं गेला.

सासू शेजारी तूर पाखडत होती. "हा तुह्या खोलीतलाच न?" तिनं विचारलं. "माही चटनी खानारा?"

"हो माय."

"मंग त्यानं तुले काहून नाही बलावलं?"

सूप थांबलं होतं. मी चुलीपुढे होते, तव्यावरची भाकर उलटायची मला सुचेना.

"मोठा झाला तो," नवरा म्हणाला. "त्याले कायची आठवन राह्यते आता."

"मतलबी निंगाला मुडदा!" सासू कडाडली. "हारनच पाह्य उद्या त्याची टीम. माह्या लेकराले इसरला!" ज्या दोस्ताबरोबर चटणी वाटून खाल्ली, त्याला पडणाऱ्या शिव्या नवरा खाली मान घालून ऐकत होता. आणि त्या शिव्या ज्या तोंडाला मिळायला हव्या होत्या, ते तोंड मी घट्ट मिटून घेतलं होतं. भाकर करपल्याचा वास घरभर झाला.

"तूच सांग व," सासू माझ्याकडे वळली. तिचा आवाज चिरला होता. "याच्यात काय कमी हाये?"

"काहीच नाही, माय," मी म्हणाले.

नवरा वर्तमानपत्राची घडी घालत होता.