मे महिन्यातलं शेवाळ

माझ्या धाकट्या बहिणीचं उजवं मनगट पुरतं वळत नाही. नारळ खवायला बसली की ती विळी फिरवून घेते आणि डाव्या हाताने खवते. गेली अडीच वर्षं ती आमच्याकडे रत्नागिरीत आहे, त्यामुळे हे मला रोज दिसतं आणि रोज माझं डोकं फिरतं. आजवर मी गप्प राहिलो. माणसं म्हणतात, मी शांत आहे. शांत कसला? मी भित्रा आहे, आणि बोलायची वेळ नव्हती तिथे नको तेवढं बोललोय.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती संगमेश्वराकडच्या सासरहून एसटीने एकटी आली. हात ओढणीच्या झोळीत. मी रिक्षा केली आणि तिला थेट दवाखान्यात नेलं. वाटेत एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या नवऱ्याचा हात चालतो हे आमच्या घरात आईसकट सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर आमच्याकडे बोलत नाहीत.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "कसं झालं?"

बहीण म्हणाली, "मला ह्यांनी..."

"पायरीवरून पडली," मी म्हणालो. "शेवाळ होतं. पाय सरकला."

का? बाहेरच्या बाकावर माझ्याच ऑफिसातला एकजण बसला होता म्हणून. पोलिसांना कळवतील म्हणून. ही कारणं मी तीन वर्षं घोळवतोय आणि एकही कारण उभं राहत नाही.

प्लास्टरची पट्टी भिजवणारी नर्स थांबली. "शेवाळ? ह्या उन्हात? कुठल्या गावात ओ?"

"विहिरीजवळची पायरी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत लिहीत होते. आजही मला त्या माणसाचा राग येतो. हात जिचा मोडलाय ती समोर स्टुलावर बसलीय आणि हा विचारतोय मला! "तुम्ही जरा बाहेर थांबा," एवढं म्हणायला काय लागतं? पण त्यांच्यावर रागावणं सोपं आहे. वाक्य माझं होतं. त्यांनी फक्त कागदावर उतरवलं.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "दादा, मे महिन्यात शेवाळ. खोटं तरी धड बोलायचंस."

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, देवाला विचारू. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठल्या बाजूची कळी आधी पडते त्यावरून देवाचं उत्तर धरायचं. प्रश्न काय ते घरच्या पुरुषाने सांगायचं. वडील नाहीत, म्हणजे मी.

"बोला, काय इचारायचंय?" गुरव म्हणाला.

मी सांगितलं, "बहिणीला सासरी पाठवायचंय. मिरगाच्या आधी पाठवू की नंतर? आधी असेल तर उजवी दे."

मागून बहिणीचा आवाज आला, "आणि जायचंच नसेल तर? ती कळी कुठे लावलीय?"

"बाय, देवापुढं मधी बोलू नये," गुरव म्हणाला. आई म्हणाली, "गप ऱ्हा गो." आणि गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणत राहिलो. उजवी कळी पडली. आईने हात जोडले. मला तर सुटल्यासारखं वाटलं, हे लाज सोडून लिहितो.

देवाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे प्रश्नच असा ठेवला होता की त्याने काहीही उत्तर दिलं तरी ती सासरीच जाणार होती.

ती गेली, हातावर प्लास्टर असताना. तपासणीला पुन्हा आणायचं होतं. जावई नेतील असं मी धरून चाललो. त्याने नेलं नाही. प्लास्टर कुणीतरी घरीच कापलं आणि हाड वाकडं बसलं.

दिवाळी सरल्यावर ती पुन्हा आली, आणि या वेळी पिशवी भरून आली. मी तिला समुपदेशन केंद्रात नेलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवून विचारलं, "तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

"तिला संसार मोडायचा नाहीये," मी म्हणालो. "फक्त त्याने हात उचलू नये."

बाई म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं."

"हो, हो. तेच सांगतोय मी."

बहीण उठली. "मॅडम, ह्यालाच इथे बसवा. समुपदेशनाची गरज ह्यालाच आहे," म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात तिने माझ्याशी न बोलता एक वकीलबाई गाठल्या आणि कोर्टात अर्ज दाखल केला. पुन्हा त्या घरात पाठवलं जाऊ नये आणि जे घडलं ते घडलं असं कुणीतरी मानावं, एवढ्यासाठी.

आणि तिथे माझं शेवाळ आडवं आलं. नवऱ्याच्या बाजूने दवाखान्याचा कागद हजर झाला: भावाच्या सांगण्यानुसार, पायरीवरून घसरून पडल्याने. तिच्या अर्जातल्या प्रत्येक ओळीपुढे माझी ती एकच ओळ. तिच्या वकील मला साक्षीच्या आधी म्हणाल्या, "गडबडीत होतो, काय सांगितलं ते आठवत नाही, एवढंच म्हणा. खोटं बोललो असं कबूल केलंत तर तुमच्या पुढच्या शब्दालाही किंमत राहणार नाही."

सल्ला शहाणपणाचा होता. पण आठवत नाही? मला दुसरं काही आठवतच नाही.

पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरच्या वकिलाने कागद नाचवला. "हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत?"

"हो."

"म्हणजे तुमची बहीण आज कोर्टासमोर खोटं बोलतेय."

"ती नाही. मी बोललो होतो खोटं. ती सांगायला लागली होती, मी तिला तोडलं."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

माझा आवाज चढला. "साहेब, तुम्ही इथलेच ना? मे महिन्यात जांभ्या दगडाच्या पायरीवर अनवाणी उभे राहून दाखवा. पायाला चटका बसतो. तिथे शेवाळ कुठून येणार?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मला विचारलं तेवढंच बोलायची ताकीद दिली आणि माझं म्हणणं टंकलेखकाला सांगितलं.

बाहेर टपरीवर आम्ही दोघं चहा घेऊन बसलो. मला वाटलं, ती काहीतरी बरं बोलेल. वाटलं हाच माझा निर्लज्जपणा.

"मी पडले नाही असं सांगितलंस," ती म्हणाली. "तुला काय माहीत?"

"अर्जात वाचलं."

"अर्जात." तिने ग्लास डाव्या हातात घेतला. "डॉक्टरने विचारलं, केंद्रातल्या बाईने विचारलं, वकिलांनी विचारलं. त्या नर्सनेसुद्धा तू औषधं आणायला गेलास तेव्हा हळूच विचारलं. तू विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही.

"कसं झालं गो?" मी म्हणालो.

"मधे बोललास तर उठून जाईन."

तिने सांगितलं. मधे ती थांबली की माझं तोंड उघडायचं. दोनदा मी ते दाताखाली ओठ धरून बंद केलं. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

निकाल लागायचाय. पुढच्या तारखेला तिची राहिलेली उलटतपासणी आहे. बरोबर ये म्हणालीय, पण कोर्टाच्या खोलीबाहेर बसायचं, ह्या बोलीवर.