विहीणबाईंची चार पानं

महाडच्या डेपोतून पोलादपूरची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत स्पेनहून आलेलं चार पानी पत्र होतं. माझा मुलगा तिकडे असतो, त्याच्या सासूबाईंनी, कार्मेनबाईंनी, ते हाताने लिहिलेलं. मुलाला फोटो पाठवून विचारलं तर म्हणाला, "विशेष काही नाही गं, नमस्कार लिहिलाय." चार पानं भरून नमस्कार? जन्मभर शाळेत पेपर तपासलेत मी. अक्षर इतकं एकात एक गुंतलेलं की मोबाईलच्या भाषांतरानेही हात टेकले. तेव्हाच ठरवलं, हे पत्र मीच वाचणार.

चार महिने मोबाईलवर स्पॅनिशचे धडे गिरवले. एच मुका, जे दिसला की घशातून ख. वाचता येऊ लागलं, अर्थाच्या नावाने मात्र शंख. उमरठच्या अलीकडच्या वाडीतले धोंडूकाका जहाजावर स्वयंपाकी होते, स्पॅनिश खलाशांत बारा वर्षं काढलेले, हे बाजारात तांदूळवाल्याने सांगितलं आणि मी निघाले.

गाडीत माझी पुटपुट चालूच होती. शेजारची बाई म्हणाली, "ताई, बरं वाटत नाय काय?"

"अभ्यास करतेय," मी म्हटलं. तिने तरीही खिडकी उघडून दिली.

पोलादपूरला गाडी बदलली. पुढे वळणांचा रस्ता, भात काढून मोकळी झालेली खाचरं, मागे डोंगर. वाडीचा चढ चढताना चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच काकांच्या दारात पोहोचले.

"बोलतो मी फाडफाड," पत्र बघून काका म्हणाले, "पण ही अक्षरं मला वाचता येत नाय."

मी पत्राची घडी घालू लागले. काकांना मात्र त्यात अडचण दिसेना. "श्रावणात पोथी कशी लावतो आपण? एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाच तू." त्यांनी पाट मांडून पत्र त्यावर ठेवलं.

पहिल्याच ओळीला अडवलं. "टोडो-टोडो काय करतेस? इंग्रजी शाळेची जीभ बाजूला ठेव. आपला त, आपला द. तोदो!" दहादा म्हणून घेतलं. जबडा दुखला, पण मी हटले नाही. मध्ये काकूंनी नाचणीची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढली.

तिसऱ्या पानावर काका थांबले. "परत वाच गो."

वाचलं.

"बाई लिहितेय, फोनवर मी दिसले की तुम्ही उठून आत जाता. माझं काय चुकलं असंल तर सांगा."

खरं होतं. बोलता येत नाही याची लाज वाटायची, म्हणून मी चहाचं निमित्त करून उठायचे. मुलगा दोघींनाही सांभाळून घेत राहिला आणि ती बिचारी स्वतःला दोष देत बसली. मला रडूच आलं.

"मग सांगा की तिला, राग नाय म्हणून," काकू म्हणाल्या.

काकांनी दोन वाक्यं घोटून घेतली. 'नो एस्तोय एनफादादा', मी रागावलेली नाही. 'नो से आब्लार', मला बोलता येत नाही. परतीच्या एसटीत ती मोठ्याने म्हणत आले, कोणी बघो न बघो.

महाड ते उमरठ, एवढ्याशा अंतराचं कसलं प्रवासवर्णन, असं कोणी म्हणेल. मला तेवढं कापायला चार महिने लागले. घरी येताच, मुलाला मध्ये न घेता, कार्मेनबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि दोन्ही वाक्यं म्हटली. त्या रडल्या, हसल्या, मग न थांबता बोलतच सुटल्या. एखाददुसरा शब्द सोडला तर मला काही कळलं नाही. पण मी उठले नाही.