वीतभर उघडं गॅरेज

मुलींनो, तुमच्या वाळवंटातल्या वसाहतीबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं फार थोडं तुमच्या घरातून आलेलं आहे. बाकीचं सगळं तुमच्याच भागातल्या एका निवृत्त गृहस्थांनी कळवलं. त्यांना मी कोण, हे अजूनही ठाऊक नाही.

मी फेब्रुवारी २०२० मध्ये आयर्लंडला, पोर्टलीश गावी, तुमच्या आत्याकडे सहा आठवड्यांसाठी आले. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं, ते टाळेबंदीत रद्द झालं, आणि पुढचं वर्षही मी इथेच होते. आत्याचं शहरातलं, बॉल्सब्रिजचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं. नऊ ते पाच घरात आवाज करायचा नाही, कुकरची शिट्टीसुद्धा जेवणाच्या सुट्टीतच. मी पुण्याच्या शाळेत एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, त्यामुळे गप्प बसण्याची मला सवय आहे. पण वाचायला काहीतरी लागतं. तेव्हा थोरलीने मला त्या गृहस्थांच्या ब्लॉगची लिंक पाठवली. सोबत एवढंच लिहिलं होतं, "आजी, धिस इज अवर प्लेस."

पहिलीच बातमी हरवलेल्या कासवाची होती. मी ती दोनदा वाचली. इंग्रजी मला समजतं, मी मिशनच्या शाळेत शिकले. पण कासव हरवतं कसं? ते निघालं, तर माणूस चहा पिऊन त्याच्या मागून जाऊ शकतो. अकरा दिवसांनी ते तीन गल्ल्या सोडून एका बागेत सापडलं. बाग म्हणजे खडी. तुमच्याकडे बागेत खडी घालतात, हे मला त्या पानावरून कळलं.

ते गृहस्थ रोज सकाळी लिहीत. वर स्थानिक बातम्या, खाली इंटरनेटवर सापडलेली एखादी चमत्कारिक गोष्ट. कोणाच्या पोहण्याच्या तलावात रानडुकरासारखा प्राणी पडला. सात मिनिटं पाऊस आला आणि लोक बाहेर येऊन उभे राहिले. एकाने वाळलेलं गवत हिरव्या रंगाने रंगवून घेतलं. खाली कुठल्यातरी देशातलं पत्र्याचं चर्च, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीचं बर्फ कापायचं यंत्र. मी वही केली. तारीख, बातमी आणि शंका असे तीन रकाने आखले. शंकेचा रकाना सगळ्यात आधी भरायचा. घुबडं जमिनीत बिळं करून राहतात, हे खरं का? गवत रंगवायला माणूस येतो की स्वतःच रंगवायचं? या शंका मी रविवारी तुम्हाला विचारायचे आणि तुम्ही दोघी हसत सुटायचात.

रविवारचा व्हिडिओ कॉल तुमच्या सकाळी दहाला. हिवाळ्यात इथे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजतात, उन्हाळ्यात सहा, कारण इथली घड्याळं पुढेमागे होतात आणि तुमची जागची हलत नाहीत. हे तुमच्या बाबाने मला कागदावर काढून समजावलं होतं. तो कॉल त्याने कधी चुकवला नव्हता.

जानेवारी २०२१ मधल्या एका रविवारी चित्रच आलं नाही. कॅमेरा बिघडलाय, असं तुमची आई म्हणाली. मागून बाबाचा आवाज आला नाही. पुढच्या रविवारी कॅमेरा ठीक होता, पण बाबा दूध आणायला गेला होता. तुमच्याकडे दूध आठवड्यातून एकदा मोठ्या कॅनमध्ये येतं आणि ते शनिवारी आणतात, हे मला माहीत होतं. तुम्ही दोघी शेजारी शेजारी बसला होतात आणि एकदाही हसला नाहीत. मी घुबडांचं विचारलं, तर धाकटी म्हणाली, "आय डोन्ट नो, आजी."

इथे तुम्हाला आपल्या घरातली एक रीत सांगायला हवी. आपल्याकडे वाईट बातमी हप्त्याहप्त्याने देतात. माझे वडील गेले तेव्हा मला होस्टेलवर तार आली, ती 'वडील आजारी, निघून ये' अशी. स्टेशनवर काका म्हणाले, जरा जास्त आहे. टांग्यात म्हणाले, धीर धर. घराच्या दारात चपलांचा ढीग पाहिला तेव्हा मला कळलं. त्यात कोणाला खोटं बोलायचं नव्हतं. सगळे मला जपत होते. म्हणूनच 'कॅमेरा बिघडलाय' हा मला पहिला हप्ता वाटला आणि 'दूध आणायला गेलाय' हा दुसरा.

सोमवारी सकाळी मी ते पान उघडलं. गृहस्थांनी लिहिलं होतं की, संध्याकाळी फिरताना त्यांना एक गंमत दिसली. एका घरावर जानेवारी उलटत आला तरी नारिंगी कागदाची मोठी चांदणी टांगलेली आहे. त्या घराच्या गॅरेजचं दार वीतभरच उघडं होतं आणि बाहेर दोन मुली जाकीटं घालून जमिनीवर बसल्या होत्या. त्या दाराखालून आतल्या कोणाशी तरी पत्ते खेळत होत्या. यालाच म्हणायचं शेजार, असं काहीतरी त्यांनी पुढे लिहिलं होतं. फोटोत माणसं नव्हती. नुसतं ते दार, एक रिकामी घडीची खुर्ची आणि वर आकाशकंदील.

तो आकाशकंदील तुम्ही दिवाळीत माझ्यासमोर, व्हिडिओवर केला होता. खालच्या झिरमिळ्या मी सांगितल्या त्याहून आखूड कापल्या गेल्या होत्या. फोटोतही त्या आखूडच होत्या.

मी वहीत तारीख घातली. बातमी लिहिली. शंकेच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना.

आत्याने जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप मिटला तेव्हा मी तिच्यापुढे फोटो धरला. तिला सगळं माहीत होतं. दहा दिवसांपूर्वी बाबाला कोविड झाला होता आणि तुम्हाला होऊ नये म्हणून तो गॅरेजमध्ये राहत होता. मला सांगायचं नाही, असं सगळ्यांचं मिळून ठरलं होतं.

"थोडा ताप होता, आई. आता ठीक आहे. तुझं बीपी वाढलं असतं म्हणून नाही सांगितलं."

थोडा ताप होता, आता ठीक आहे. हे शब्द मी स्वतः किती जणांना सांगितले आहेत. त्यामुळे ते ऐकून मला काहीच कळलं नाही. ताप थोडा होता का? आता म्हणजे कधी? आत्या खरं बोलत असेल, तरी ती हेच शब्द वापरणार होती. मी म्हटलं, आत्ता त्याला फोन लाव. तर तिकडे पहाट होती. आणि तो बोलला असता तरी 'मी एकदम ठीक' हेच म्हणाला असता. तो माझाच मुलगा आहे.

शेजारच्या आयरिश बाई रोज अकरा वाजता कुंपणापाशी येत. इथल्या रेडिओवर बातम्यांनंतर गावात कोण कोण गेलं त्यांची नावं वाचतात. ती ऐकूनच त्या बाहेर पडत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुमच्यात घरच्या म्हाताऱ्या माणसांपासून आजारपण लपवतात का? त्यांनी कुंपणावर कोपरं टेकली. मग म्हणाल्या, लपवलं तर शेजारी रागावतात, कारण पुढे काही झालं तर शेवटी रस्त्याच्या कडेला येऊन उभं त्यांनाच राहायचं असतं. त्या दिवसांत अंत्ययात्रेला घरात जाता येत नसे, म्हणून लोक रस्त्यावर अंतर ठेवून उभे राहत. मी त्यांना तुमच्या बाबाचं सांगितलं. "तो ग्रँड असेल," त्या म्हणाल्या. त्या हवेलाही ग्रँड म्हणतात आणि गुडघेदुखीलाही, म्हणून त्याचाही उपयोग झाला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की, मला न जपणारा एकच माणूस जगात आहे. त्या गृहस्थांना माझं बीपी माहीत नव्हतं.

पानाच्या तळाशी प्रतिक्रिया लिहायची जागा होती. मी आधी वहीत कच्चं लिहून घेतलं. आदरणीय महोदय, मी आपली आयर्लंडमधली नियमित वाचक आणि निवृत्त ग्रंथपाल आहे. आपल्या गॅरेजच्या बातमीने उत्सुकता वाटली. आतली व्यक्ती खरोखर पत्ते खेळत होती, की मुली खेळत असताना नुसती ऐकत होती, हे आपल्याला सांगता येईल का? मी त्या आतल्या माणसाची आई आहे, असं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्यांनीही मला जपायला सुरुवात केली असती.

दिवसभर उत्तर आलं नाही. मी मोहरीची बरणी दोनदा पुसली. रात्री जेवताना आत्या माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. बुधवारी दुपारी उत्तर आलं. ते असं होतं:

"बाई, तुम्ही विचारलंत म्हणून काल मुद्दाम त्या बाजूने गेलो. आतला माणूस खेळतोय. तो हरतोय. मुली त्याचे पत्ते बघून खेळतात अशी त्याची तक्रार आहे, आणि ती मला रस्त्यापलीकडून ऐकू आली."

मी ते आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तिची मीटिंग चालू होती आणि आवाज बंद करायला ती विसरली. बॉल्सब्रिजच्या लोकांनी ते मराठीतून ऐकलं. मग तिने तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे मी विचारलंही नाही.

रविवारी पाच वाजता बाबा कॅमेऱ्यासमोर आला. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं दिसत होती. मला रागवायचं होतं. दोन दिवस मी वाक्यं जुळवत होते. तो म्हणाला, "काय आई, कशी आहेस?"

मी म्हटलं, "मुली पत्ते बघून खेळतात, असं ऐकलं."

त्याने तुमच्या आईकडे पाहिलं, तिने मान हलवली. "तुला कोणी सांगितलं?"

"छापून आलंय."

धाकटी किंचाळली की आपण मुळीच बघून खेळत नाही, बाबालाच खेळता येत नाही, आणि मग तुम्हा तिघांचं जे भांडण लागलं त्यात मला बोलायला जागाच राहिली नाही. बाबा मधेच खोकला. मी खोकला ऐकला, तो कोरडा होता, फार खोल नव्हता. त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं.

मी रागावले का नाही, हे तुम्ही मोठ्या झाल्यावर विचाराल, म्हणून लिहिते. त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये मी इथे न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते आणि दोन रात्री पोर्टलीशच्या इस्पितळात होते. त्या रविवारी आत्याने तुमच्या बाबाला सांगितलं की, इथलं नेट गेलंय. तिला तसं सांगायला मीच लावलं होतं. त्याने विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, हे मला अजून कळलेलं नाही. कॉल संपायच्या आत ते सांगून टाकावं, असं मनात होतं. तो इतका वाळलेला दिसत होता, की मी म्हटलं, आज नको.