कल्पनाशक्ती उत्तम

माझ्या वडिलांनी कॉलेजात जेमतेम दीड वर्ष काढलं. तेव्हा त्यांनी लिहिलेले निबंध आज विद्यापीठाच्या अभिलेखागारात, पुठ्ठ्याच्या खोक्यात जपून ठेवलेत. त्यांच्या भाषेच्या प्राध्यापकांनी ते जन्मभर सांभाळले आणि आपल्या कागदपत्रांसोबत विद्यापीठाला दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजातली मुलं काय लिहीत होती, हे लोकांना कळावं म्हणून.

आजोबा साबणाच्या कारखान्यात कढईवर होते. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात निघालं म्हणून त्यांनी आपला एकुलता एक बरा कोट उसवून बाबांच्या मापाचा करून घेतला. त्याच वर्षी बाबांची धाकटी बहीण घटसर्पानं गेली आणि आजीचं डोकं फिरलं. ती लेकीला शोधायला बाहेर पडायची, अनवाणी, केस मोकळे. एकदा कालव्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. त्यानंतर आजोबा पहाटे कामावर जायचे, बाबा बाहेरून कुलूप घालून कॉलेजात जायचे आणि आजी आतून दार बडवत राहायची.

प्राध्यापक दर आठवड्याला निबंध लिहायला लावत. पहिला विषय होता 'माझी खोली'. बाबांनी कुलपाबद्दलच लिहिलं. किल्ली फिरवताना आतून आजी म्हणते, "बाळा, मी काही करत नाही रे, उघड." खाली लाल शाईत शेरा आहे: 'कुलूप हा शब्द फार वेळा आला. पुनरुक्ती टाळा.' मग 'आमचे शेजारी'. त्यात वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून ओरडते, "तिला आवरा, नाहीतर जागा सोडा!" त्यावर शेरा: 'संवाद जिवंत. स्वल्पविरामांकडे लक्ष द्या.'

बाबांना मन मोकळं करायला कुणी नव्हतं. आजोबा घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडत. मित्रांना सांगावं तर घरची अब्रू चव्हाट्यावर. हा एक माणूस आपलं वाचतो, कधीतरी विचारेल, 'अरे, काय चाललंय तुझ्या घरी?' या आशेवर ते लिहीत राहिले. निबंधागणिक अक्षर बारीक, दाट होत गेलंय. एका निबंधाची शेवटची ओळ सरळच आहे: 'आता मला हे झेपत नाही, कुणीतरी या.' तिच्याखाली शेरा: 'शेवट परिणामकारक. कल्पनाशक्ती उत्तम.'

तोच निबंध प्राध्यापकांनी वर्गात वाचून दाखवला. कोंडलेल्या बाईचं बोलणं त्यांनी आवाज बदलून वाचलं. पोरं पोट धरून हसली. तास संपल्यावर बाबा टेबलापाशी गेले.

"सर, ती माझी आई आहे."

"कोण?"

"निबंधातली. खरी आहे ती. आत्ताही घरात कोंडलेली आहे."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला वाटलं, तू रचतोस," एवढंच म्हणाले. मग छत्री उचलली. "चल."

दोघं पोचले तेव्हा दारापुढे गर्दी होती. आजीनं खिडकीची काच हातानं फोडली होती. बाबांना किल्ली कुलपात घालता येईना. शेवटी प्राध्यापकांनी ती घेतली आणि दार उघडलं. आजी जमिनीवर बसली होती, हात कोपरापर्यंत चिरलेला. बाबांना पाहून म्हणाली, "उशीर केलास. ती आत्ताच येऊन गेली."

डॉक्टरांनी हात शिवला आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात हलवायला सांगितलं. बाबा आजोबांच्या पाया पडले. "मी कॉलेज सोडतो, दिवसभर तिच्यापाशी बसतो, पण तिला पाठवू नका." आजोबा म्हणाले, "आणि तुला झोप लागली म्हणजे?" आजोबांनी इस्पितळाच्या कागदावर सही केली. आजी परत घरी आली नाही. बाबा दर रविवारी भेटायला जात. ती त्यांना इस्पितळातला नोकर समजायची आणि खिडकी उघडायला सांगायची. तिथल्या खिडक्यांना गज होते.

कॉलेज सुटलं ते सुटलंच. बाबा आजोबांच्याच कारखान्यात साबणाच्या वड्या कापायला लागले. प्राध्यापक एकदा फाटकापाशी येऊन उभे राहिले. "परत ये. फीचं मी बघतो."

"तुम्ही माझं सगळं वाचलं होतंत, सर," बाबा म्हणाले आणि आत गेले.

बाबा थकल्यावर ते निबंध बघायला विद्यापीठाचं बोलावणं आलं. मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी एकेक कागद वाचला, शेऱ्यांसकट. तिथल्या बाईंनी अक्षराचं कौतुक केलं तेव्हा त्यांनी कागद नीट जुळवून परत खोक्यात ठेवले. बाहेर बाकावर टेकल्यावर मी प्राध्यापकांबद्दल नको नको ते बोलले. माझा संताप आवरत नव्हता.

"तो माणूस वाईट नव्हता गं," बाबा म्हणाले.

"एकदा विचारायला काय जात होतं त्याचं?"

"मी तरी तोंडानं कुठे सांगितलं? लिहीत बसलो. आणि खरं सांगू? छान लिहायची चटक लागली होती मला. चांगला शेरा मिळाला की बरं वाटायचं. आई तशी असताना."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली, काही केल्या थांबेना, आणि मी पाणी शोधायला आत धावले.