बोराटीची मुळी

बहात्तरच्या दुष्काळात मी आणि माझ्या सासूबाई तिसगावाजवळ तलावाच्या कामावर होतो. मी खणायची, त्या पाट्या उचलायच्या. माझं दूध आटलेलं. चार महिन्यांचं लेकरू आमच्या एकुलत्या शेळीच्या दुधावर तगून होतं, आणि शेळीला घालायला रानात पाचोळासुद्धा उरला नव्हता.

खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचा. आठवड्याने कारकून येई आणि खांबाची उंची मोजून मजुरी लिही. वर माती थापून खांब उंच करणारे बिलंदर काय कमी होते! म्हणून खांबाच्या डोक्यावर मूळचं झुडूप लागायचं. आमच्या खांबावर बोराटी होती, अख्ख्या माळावर तेवढीच हिरवी.

मोजणीच्या दिवशी सकाळी शेळीने पान्हा चोरला. लेकरू रडून रडून निळं पडलं. मी कसला विचार करतेय! विळा घेतला, बोराटी बुडापासून छाटली आणि शेळीपुढे टाकली.

कारकून आला. "झुडूप कुठंय? माती थापून हा खुंट वर खोचलाय तुम्ही. निम्मंच माप लिहिणार."

निम्म्या मापात आठवडा कसा निघणार? सासूबाई खुरपं घेऊन खांबाची एक बाजू वरपासून तासू लागल्या. आतून मुळी निघाली, बोटाएवढी जाड. वरच्या खुंटापासून थेट खड्ड्याच्या तळापर्यंत, कुठं तुटलेली नाही, आणि तळातून आणखी खाली गेलेली.

"थापल्याली माती आसती, तर ही कुठनं आली, सायेब?"

कारकुनाने टेप मुळीलाच लावला. मग उकिडवा बसून तिला हात लावला. "किती खोल गेली असेल हो?"

"त्ये तिलाच ठावं. आमी पाच फुटांत दमलो."

पुरतं माप लिहिलं गेलं. मोजणी झाली की खांब पाडायचे असतात. आमचा सासूबाईंनी पाडू दिला नाही.

दहा-बारा दिवसांनी पाहते तर काय, खुंटाला कोंब! आभाळातून थेंब नाही, भर वैशाख, आणि हिरवीगार पानं. मला अगदी भरून आलं. मी नकळत हात जोडले.

सासूबाईंनी माझ्या हातात विळा दिला. "पाया मागनं पड. आदी छाट, पोरगं भुकेलंय."

मी छाटली. ती पुन्हा फुटली.