ऑस्करने पुन्हा मडकं हलवलं

आमच्या ऑस्कर माशाने टाकीतलं मातीचं मडकं आज पुन्हा कोपऱ्यात ढकललंय. मी रोज ते मधोमध ठेवतो. तो रोज वाळू उकरून, दगड ढकलून घर मनासारखं मांडतो. हात घातला तर चावतो. दगड काचेवर आपटला की मी तडा गेलाय का ते बघतो.

या घरात आम्ही साधा खिळाही मालकांना विचारून ठोकतो. अकरा महिन्यांचा करार परवा संपतोय, आणि त्यांचा अजून फोन नाही.

आजही मी बाही वर केली, तशी बायको म्हणाली, "राहू दे ना. या घरात एकाला तरी मनासारखं राहू दे."

मी बाही खाली घेतली. तेवढ्यात मालकांचा फोन आला, आणि आम्ही दोघांनी आधी मडक्याकडे पाहिलं.